वाय. कांबळे, वय सत्तावन्न

मला गुडघे आहेत हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ते होतेच, पण पोटात जठर असतं तसे होते. कामावर होते, तक्रार नव्हती. अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात एका रविवारी मी अंगणात उकिडवा बसून लुनाचा प्लग साफ करत होतो. प्लग साफ झाला. उठायला गेलो, तर उठता येईना. पाच मिनिटं तसाच बसलो आणि साफ झालेला प्लग पुन्हा साफ केला. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, शालनबाई, बाहेर आल्या.

"अजून प्लगच का?"

"हो," मी म्हणालो. चौतीस वर्षं सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला हेडक्लार्क बायकोला "मला उठव" असं एकदम म्हणू शकत नाही. त्याला थोडा पत्रव्यवहार लागतो. शेवटी तिनंच बखोटीला धरून उभं केलं, आणि त्या क्षणी डाव्या गुडघ्यातून असा काही आवाज आला की कुंपणापलीकडचे विरूपाक्षअण्णा पेपर खाली ठेवून उठले.

विरूपाक्षअण्णांचं पूर्वी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आडतीचं दुकान होतं. आता दुकान मुलाकडे, आणि सगळा वेळ आमच्याकडे. ते म्हणाले, "वात आहे. वांगं बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ बंद. निर्गुडीचा पाला बांधा." दुसऱ्या कुंपणापलीकडे हंबीरराव. एके काळचे तालमीतले वस्ताद, पैलवानांची उखडलेली हाडं बसवणारे. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. "वात-बीत काय न्हाय. आतलं वंगण सपलंय. बकऱ्याच्या पायाचं सूप प्या, येक महिना. पायाला पायच लागतो." अण्णा लिंगायत, त्यांनी कानावर हात ठेवले. मग दोघांचा वाद पेटला. मधे मी एका पायावर उभा होतो, पण वाद गुडघ्याचा असल्यामुळे मला कोणी विचारलं नाही.

शालनबाईंनी दोघांचंही ऐकलं. सकाळी पाला, संध्याकाळी सूप. पंधरा दिवसांनी माझं वजन तीन किलोंनी वाढलं आणि उजवा गुडघाही दुखायला लागला.

त्यात मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. ठिकाण मलकापूर. निवृत्तीला एक वर्ष राहिलं की आमच्या खात्यात माणसाला हलवत नाहीत, असा संकेत आहे. मला एक वर्ष आणि दोन महिने राहिले होते. रोज एस.टी.चा दीड तास जायचा, दीड तास यायचा, आणि तिथलं ऑफिस माडीवर. साहेब भला माणूस. म्हणाले, "कांबळे, वैद्यकीय कारण असेल तर अर्ज द्या. पण कागद पाहिजे."

म्हणून मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात इतकी गर्दी होती की त्यांनी माझ्याकडे न बघताच चिठ्ठी लिहिली. स्टँडजवळच्या एका एक्सरे सेंटरमध्ये जाऊन मी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले, संध्याकाळी पाकीट घेऊन परत आलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "संपलेत."

"काय?"

"गुडघे. गादी राहिलेलीच नाही. हाडावर हाड घासतंय. तुम्ही इथवर चालत आलात?"

"लुनावरून आलो."

"तरीपण," ते म्हणाले आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं बघितलं.

घरी येईपर्यंत मला चालवेना. तोवर दुखत होतं, पण ते साधं दुखत होतं. आता हाडावर हाड घासताना मला ऐकू यायला लागलं. पुढचे आठ दिवस ती फिल्म आमच्या खिडकीच्या काचेला चिकटवलेली होती, कारण रोज कोणी ना कोणी ती बघायला येई. अण्णांनी बघून तांब्या-पितळेचं कडं सुचवलं. हंबीररावांनी बोटानं काचेवर रेघ ओढून दाखवली. "ह्ये बगा, हितं फट पायजे हुती. न्हाय. ह्या गुडघ्यावर मानूस हुबा ऱ्हातोय म्हंजे कमाल हाय." विहारात वंदनेला सगळे खाली बसत, मला खुर्ची आली. मी ती स्वीकारली. खरं सांगायचं तर आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता. यात मी काहीच केलेलं नव्हतं. फक्त माझी हाडं घासत होती.

आठ दिवसांनी अर्ज केला, सोबत फिल्म जोडली. आमच्या आवक शाखेत प्रत्येक कागदाला भोक पाडून फायलीला दोरा लावतात. फिल्म हा कागद आहे की नाही यावर तिथे बरीच चर्चा झाली. मग कागद आहे असं ठरलं आणि उजव्या गुडघ्यातून भोक पाडलं. मी समोर उभा होतो. माझ्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

बदलीला स्थगिती मिळाली. जुलैत सरकारी दवाखान्यात वैद्यकीय मंडळापुढे हजर राहायचं होतं. मंडळ म्हणजे तीन डॉक्टर. दोघे वयस्क, तिसऱ्या एक तरुण बाई, डॉ. प्रेरणा. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. वयस्क दोघांनी फिल्म खिडकीकडे धरली, एकमेकांकडे बघून मान हलवली आणि 'शिफारस करण्यात येत आहे' याखाली सह्या केल्या. बाईंनी मात्र एक विचित्र मागणी केली.

"पँट वर करा बघू."

मी दचकलो. तीन महिन्यांत माझा गुडघा बघायचा आहे असं म्हणणारं पहिलं माणूस हेच. आजवर ज्यानं त्यानं फिल्म बघितली होती. मी पँट वर केली. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी हलवून बघितली. मग डाव्या वाटीवरच्या व्रणावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"ते जुनं आहे. एकोणसाठ साली कबड्डी खेळताना वाटीचे दोन तुकडे झाले होते. मिरजेला तार घालून शिवली."

"तार काढली?"

"नाही. आतच आहे."

बाईंनी फिल्म घेतली, बराच वेळ बघितली. "मग या फोटोत तार कुठे आहे?"

"गंजून गेली असेल," मी म्हणालो. मी प्रामाणिकपणे तसंच धरून चाललो होतो. चाळीस वर्षांत पावसापाण्यानं लोखंडाचं काय होतं हे आमच्या खात्यातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं.

वयस्क डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दोन सह्या पुरतात. पुढच्याला बोलवा." आणि मी शिफारस घेऊन बाहेर आलो. व्हरांड्यात डॉ. प्रेरणा मागून आल्या.

"काका, तुमचा कागद झालाय. त्यात मी काही करू शकत नाही. पण हे गुडघे तुमचे नाहीत. ज्याचे कोणाचे आहेत त्याचे खरंच संपलेत, आणि त्याच्याकडे तुमचा फोटो आहे. म्हणजे त्याला कोणीतरी सांगितलं असणार की तुला काही झालेलं नाही. त्याला शोधा."

मी बाकावर बसलो. डोकं चालेना. गुडघे माझे नाहीत, तर दुखतंय ते काय? आणि दुखणं माझं असेल, तर इतके दिवस हाडावर हाड घासताना मी जे ऐकत होतो ते कोणाचं? गुडघ्याला हात लावून बघितला. दुखत होता. मी उठून चाललो, तर बरंही वाटत होतं. हे बरं वाटणं खरं की खोटं, तेही समजेना.

घरी शालनबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे सूप तुम्ही दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी पीत होता?"

एक्सरे सेंटरवाल्यानं आधी हात झटकले. फिल्म एकदा दिली की आपली जबाबदारी नाही, असं त्याच्या पावतीमागे छापलेलंच होतं. पण मी हेडक्लार्क. रजिस्टर कसं मागायचं ते मला येतं. त्या तारखेला एकाखाली एक दोन नोंदी होत्या. वाय. कांबळे, सत्तावन्न, दोन्ही गुडघे. वाय. कांबळे, सत्तावन्न, दोन्ही गुडघे. पहिला यल्लाप्पा, म्हणजे मी. दुसरीपुढे कंसात बारीक अक्षरात यल्लूबाई, मुक्काम मलकापूर.

मलकापूर. ज्या गावाला जायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्या गावाला रविवारी मी शालनबाईंना घेऊन एस.टी.नं गेलो.

यल्लूबाई एका मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होत्या. पन्नास पोरांच्या भाकऱ्या. आम्ही गेलो तेव्हा त्या चुलीपुढून उठत होत्या. उठणं मी आजवर बघितलं नव्हतं असं नाही, माझं स्वतःचं तीन महिने जगाला दाखवत होतो. पण हे उठणं वेगळं होतं. आधी हात जमिनीवर, मग एक हात डब्यावर, मग भिंतीवर, मग तोंड घट्ट मिटून कंबर वर, आणि उभ्या राहिल्यावर दोन्ही पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले. मी बसायला खुर्ची शोधत होतो. शोधायचं थांबवलं.

"जय भीम. मी कांबळे. कोल्हापूरचा."

"जय भीम. आमीबी कांबळेच. कुठलं कांबळे?"

दहा मिनिटं गावं, भावकी, सोयरीक झाली. नातं निघालं नाही, पण निघायला हरकत नव्हती असं ठरलं. मग मी फिल्मचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला त्यो डाक्टर म्हनला, बाई, गुडघं झ्याक हाईत, डाव्यात तार हाय तेवढी. म्या म्हनलं, माज्या गुडघ्यात तार, आनि मला म्हाईत न्हाय? तर म्हनला, इसरला असशीला. सायेब, मी लुगड्याला टाचनी लावली तर इसरत न्हाय."

"मग?"

"मग काय. घरची म्हनली तारंमुळंच दुखतंय. हितल्या येकानं लोहचुंबक बांधला, तार वर यावी म्हनून. महिनाभर बांधून फिरलो. चमचं चिकटलं, उलातनं चिकटलं, तार काय आली न्हाय."

शालनबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं. मी विचारलं, "पण तुमचं वय सत्तावन्नच?"

"वय कुनाला म्हाईत. त्या पोरानं इचारलं, म्या म्हनलं, फुडच्या पावन्याचं जेवडं लिवलंयस तेवडंच लिव. सारखंच दिसतोय की."

मला आठवलं. एक्सरे सेंटरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मी पेपर वाचत होतो.

वसतिगृहाचे अधीक्षक बाळासो नावाचे गृहस्थ होते. वाईट माणूस नव्हे. यल्लूबाईंनी दोन वर्षं अर्ज केले होते, चूल खाली आहे, उभ्यानं करायला ओटा बांधून द्या, नाही तर भाजी चिरायचं काम द्या. बाळासोंनी फाईल काढून दाखवली. त्यात माझी फिल्म होती. तिलाही भोक होतं. खाली डॉक्टरांचा शेरा: 'गुडघे उत्तम, काम करण्यास योग्य.' माझ्या गुडघ्यांचं असं कौतुक मी पहिल्यांदाच वाचत होतो.

"नवीन फोटो काढून आणतो," मी म्हणालो.

"नवीन आणा की. पर ह्यो जुना हाय त्येचं काय? वरचं आफीस इचारनार, मे म्हयन्यात उत्तम, जुलैत सपलं, मधे काय झालं? ज्येचं गुडघं हाईत त्येनं लिहून द्याय पायजे, ह्ये माजं म्हनून. मग आमाला मार्ग हाय."

म्हणजे मी लिहून द्यायचं, की यल्लूबाईंच्या फायलीतले गुडघे माझे. मग माझ्या फायलीतले यल्लूबाईंचे. मग माझी स्थगिती गेली. चौतीस वर्षांत मी हजारो टिपण्या लिहिल्या, पण एका कागदात दोन ऑफिसं आणि चार गुडघे कधी आले नव्हते.

परत येताना एस.टी.त मी शालनबाईंना म्हणालो, "बघू."

"काय बघायचंय?"

"नियम काय आहे ते."

नियम बघण्यात मी आठ दिवस घालवले. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "कागद सरकारी झाला की तो खरा. तुम्ही कशाला मध्ये पडता?" हंबीररावांना विचारलं. ते म्हणाले, "मलकापूरचं हवामान गुडघ्याला वंगाळ." दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि ते माझ्या सोयीचं होतं. तरी झोप नीट लागेना. विहारातल्या खुर्चीवर बसलो की ती खुर्ची माझ्या नावावर नाही असं वाटे. खाली बसलो तर लोक धावत येऊन उचलत. एकदा जेवताना शालनबाईंनी सूप वाढलं. मी म्हणालो, नको. त्या म्हणाल्या, "मलकापूरला पाठवू का?"

त्या एवढंच म्हणाल्या. पण ते त्यांनी वाटीकडे बघत म्हटलं, माझ्याकडे नाही. मी जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

दरम्यान यल्लूबाईंना कोल्हापूरला आणून डॉ. प्रेरणांना दाखवलं. डॉक्टरबाईंनी दोघांचे नवे फोटो काढले, नावं पूर्ण लिहून घेतली, आणि शेजारी शेजारी बसवून समजावलं. हाडांच्या मधे एक गुळगुळीत गादी असते, ती झिजते. झिजलेली परत येत नाही, पाल्यानं नाही, सुपानं नाही, कड्यानं नाही. यल्लूबाईंची जवळजवळ संपली होती. पुढेमागे मोठं ऑपरेशन लागेल, तोवर खाली बसणं बंद, काठी, शेक, दुखेल तेव्हा गोळी. माझी थोडी झिजली होती, जुन्या मोडलेल्या वाटीच्या बाजूला जास्त. त्यात वजन, आणि मांडीचे स्नायू खुर्चीत बसून बसून मऊ झालेले.

"म्हणजे मला आहे?" मी विचारलं.

"आहे की."

"खरंच आहे?" माझ्या आवाजात जरा आनंद आला असावा, कारण बाई हसल्या.

"काका, फोटो आणि दुखणं यांचं नेहमी जुळतंच असं नाही. फोटो खराब असून काहींना कमी दुखतं, चांगला असून काहींना जास्त. तुम्हाला दुखत होतं ते तुमचंच होतं. चालणं बंद केलंत, तिथे वाढलं."

मग खुर्चीत बसून पाय सरळ वर उचलायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली ठेवायचा, असा व्यायाम दिला. यल्लूबाईंनी तिथेच वीस वेळा केला. मी सातव्यालाच थांबलो.

कागद मी साहेबांपुढे स्वतः नेला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"कांबळे, तुमचे गुडघे चांगले आहेत असं तुम्ही स्वतःहून लिहून देताय?"

"चांगले नाहीत साहेब. फक्त माझे आहेत."

"आणि हे जे फायलीत आहेत?"

"ते एका बाईंचे आहेत. ते परत पाहिजेत."

"पण त्याला भोक पडलंय."

"त्यांना सांगितलंय मी."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "मला स्थगिती उठवावी लागेल." मी म्हणालो, हो. त्यांनी सही केली, आणि सही वाळेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत बसलो.

कॉलनीत मात्र माझी पत गेली. गुडघे दुसऱ्याचे होते ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. अण्णा म्हणाले, "मग इतके दिवस लंगडत का होता?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फार लांब होतं. विहारात पुढच्या वंदनेला खुर्ची नव्हती. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि उठताना कोणीच हात दिला नाही. तीन प्रयत्नांत उठलो.

ऑगस्टपासून मलकापूरला जायला लागलो. ऑफिसला सव्वीस पायऱ्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या पायरीला थांबत होतो, दिवाळीपर्यंत एका दमात वर जायला लागलो. दुखणं गेलं नाही, पण मधे दोन-दोन दिवस मी त्याला विसरत होतो.

यल्लूबाईंच्या ओट्याला नोव्हेंबर उजाडला. अर्ज मीच लिहिले, पाच. शेवटी वरच्या ऑफिसनं मंजुरी दिली, आणि मंजुरीसोबत ओट्याचा नकाशाही दिला. नकाशा कुठल्या उंच माणसासाठी केला होता देव जाणे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वसतिगृहावर गेलो, तेव्हा यल्लूबाई फळकुटावर उभ्या राहून, हात खांद्याच्या वर करून भाकऱ्या थापत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, ताटलीत गरम भाकरी आणि खर्डा दिला.

"गुडघे काय म्हणतायत?" मी विचारलं.

"गुडघं बरं हाईत. लई बरं हाईत. आता खांदं धरल्यात."

मी भाकरी खाली ठेवली. त्या तव्यावरची उलटत म्हणाल्या, "बाळासो म्हनत्यात, खांद्याचा फोटू काढून आन, मग ओटा कमी कराय बगू. म्या म्हनलं, जातो की. पर आदी इचारून घेतो, कांबळे सायेब त्या दिवशी कोल्हापुरात हाईत काय. असलं तर दुसऱ्या दिवशी जाईन."